गुन्हेगार घराणी नेमकी कुणाची?

वाफेची इंजिनं, पितळी चक्रं, तारायंत्र, गॅसचे दिवे असं एकोणिसावं शतक घ्यायचं, त्यात कधीच न बनलेली चार अचाट यंत्रं मिसळायची आणि त्या जगात गोष्ट रचायची, या कथाप्रकाराला स्टीमपंक म्हणतात. इंग्रजीत तो चांगला मुरला आहे. बडोद्यातल्या आमच्या वाचक मंडळात एका तरुण लेखिकेने अलीकडे याच वळणाच्या रहस्यकादंबरीचा मोठा भाग वाचून दाखवला. काळ १८९० च्या आसपासचा. नायिका बालविधवा, कलाभवन या तंत्रशाळेतली यंत्रविद्या चोरून शिकलेली. दिवसा ती कासारीण म्हणून बांगड्यांची टोपली घेऊन घरोघर फिरते. ती दरबाराची गुप्तहेर आहे हे दरबारातल्या एकाच माणसाला ठाऊक. शहराच्या अंधाऱ्या बाजूवर तीन गुन्हेगार घराण्यांची सत्ता चालते आणि ही बाई बांगड्या भरता भरता त्या तिघांच्या माजघरापर्यंत पोचते.

कासारणीचं सोंग मला फार आवडलं. ज्या काळात परक्या पुरुषाला घराच्या ओटीपलीकडे पाऊल टाकता येत नव्हतं, त्या काळात कासारीण थेट आत जाई, बायकांचा हात हातात घेई आणि तेवढ्या वेळात घरातली निम्मी बातमी तिच्या कानावर पडे. हेरगिरीला याहून चांगली जागा नाही. लेखिकेचं निरीक्षण पक्कं आहे, भाषाही तिची स्वतःची आहे. पण तिने त्या तीन घराण्यांना जाती दिल्या आहेत: एक पारध्यांचं, एक कंजारभाटांचं, एक कैकाड्यांचं. चोरी त्यांच्या रक्तातच, पोरं चालायला लागायच्या आधी खिसे कापायला शिकतात, वगैरे. वाचन संपल्यावर यंत्रांवर बोलणं झालं, नायिकेच्या धाडसावर झालं, बडोद्याच्या वर्णनावर तर भरभरून झालं. घराण्यांबद्दल कुणालाच काही वाटलं नाही. मी विषय काढला तेव्हा उत्तर आलं, ‘काल्पनिक तर आहे सगळं.’

मला हे उत्तर मान्य नाही. वाफेच्या युगाचं कौतुक करणारी गोष्ट मराठीत लिहायची असेल, तर त्या युगाने माणसांच्या कपाळावर जे शिक्के मारले ते ओळखूनच लिहायला हवी. नाहीतर आपण दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कायद्याचं काम आज फुकट करत राहतो.

तो कायदा १८७१ चा. क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट. त्यामागचा तर्क असा होता की हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा पिढीजात गुन्हेगारही असणारच. म्हणजे एखाद्याने काय केलं हे पाहायचंच नाही. तो कुणाच्या पोटी जन्मला एवढं पुरे. आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा १९११ पर्यंत सगळ्या ब्रिटिश मुलखावर पसरवता येईल असा झाला. नोंदवलेल्या जमातीच्या माणसाने ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही, आणि पुढे तर तारेच्या कुंपणाआडच्या सेटलमेंटमध्ये बायकापोरांसह राहायचं. सोलापूरची सेटलमेंट आपल्या लोकांना ठाऊक असते. अहमदाबादेतलं छारानगर अशाच वसाहतीतून उभं राहिलं. महाराष्ट्रात ज्यांना कंजारभाट म्हणतात, त्यांना इकडे गुजरातेत छारा म्हणतात. म्हणजे आमच्या लेखिकेच्या दुसऱ्या घराण्याचे आजचे नातेवाईक रेल्वेने दोन तासांवर राहतात.

आणि रेल्वे म्हटल्यावर स्टीमपंकवाल्यांनी थांबून पाहावं अशी गोष्ट समोर येते. रूळ येण्याआधी या देशात मीठ आणि धान्य कोण वाहून नेत होतं? बैलांचे तांडे घेऊन फिरणारे लमाण, आणि दक्षिणेत कोरव. कोरव म्हणजे आपल्या कैकाड्यांचे भाईबंद. समुद्रकाठचं मीठ आत न्यायचं, आतलं धान्य बाहेर आणायचं, यावर त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या पोट चाले. १८५० नंतर आगगाडी आली, सडका आल्या, मिठावर सरकारचा ताबा घट्ट झाला आणि हा धंदा बघता बघता बसला. माणसं मात्र फिरतच राहिली, कारण फिरणं हेच त्यांचं जगणं होतं. कामधंदा नसलेला आणि एका जागी न राहणारा माणूस सरकारला चोर वाटू लागला. वाफेने ज्यांचं काम काढून घेतलं, त्यांनाच वाफेच्या राज्याने गुन्हेगार ठरवलं. आपल्या कादंबरीतलं इंजिन धूर सोडत स्टेशनात शिरतं तेव्हा हा इतिहास त्याच रुळांवर असतो.

बडोद्याला तर हे दाखवायला कल्पनेची गरजही नाही. खंडेराव महाराजांनी १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अशी सुमारे २० मैलांची अरुंद रुळांची गाडी सुरू केली आणि ती बैलांनी ओढली! रूळ इतके हलके की इंजिनाचं वजन पेलेना. पुढे इंजिनं आणून पाहिली, मग रूळ बदलावे लागले, आणि वाफ खऱ्या अर्थाने रुळायला बरीच वर्षं गेली. लोखंडी रुळांवरून डबे ओढणारे बैल हे दृश्य कुठल्याही रचलेल्या यंत्रापेक्षा जास्त विलक्षण आहे. बैल हाकणाऱ्या माणसाचं इंजिन आल्यावर काय झालं असेल, या एका प्रश्नात अख्खी कादंबरी मावेल.

अचाट यंत्रांचं म्हणाल, तर त्या काळातलं सर्वांत प्रभावी यंत्र मला नोंदवही वाटते. नाव, बापाचं नाव, जमात, अंगावरच्या खुणा, आणि नंतर बोटांचे ठसे. ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात उघडलं. त्यांचं वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. १९११ च्या कायद्याने नोंदलेल्या जमातींच्या लोकांचे ठसे घ्यायचा अधिकार सरकारला दिला. गुन्हा घडायच्या आधीच गुन्हेगाराची ओळख तयार. भविष्यकाळातल्या भयकथांत जे वाचून आपण शहारतो, ते आपल्याच आजोबा-पणजोबांच्या काळात हजेरीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी भोगलं आहे. आमच्या लेखिकेने नायिकेला पितळी भिंगांचा चष्मा दिला आहे, त्यातून चोराचे ठसे चमकून दिसतात. कल्पना सुंदर आहे. पण ठसे कुणाचे साठवून ठेवले होते आणि कुणाचे कधीच घेतले गेले नाहीत, हे त्या चष्म्यातून दिसायला हवं.

मग बडोद्यात गुन्हेगार घराणी नव्हतीच का? होती की. पण ती शोधायला वेशीबाहेरच्या पालांवर कशाला जायला हवं?

१८६३ चं घ्या. खंडेराव महाराजांच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून त्यांचे धाकटे भाऊ मल्हारराव बडोद्याजवळच्या पादरा गावी कैदेत टाकले गेले. १८७० च्या नोव्हेंबरात खंडेराव वारले, कैदी बाहेर आला आणि गादीवर बसला. पण पुरता नाही, कारण खंडेरावांच्या राणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला तर गादी त्याची. एका बाईच्या पोटात राज्याचा निकाल दडलेला, आणि साऱ्या दरबाराचं लक्ष तिच्या ताटाकडे, तिच्या सुइणीकडे, तिच्या दासींकडे लागलेलं. जिवाच्या भीतीने जमनाबाईंनी इंग्रज रेसिडेन्सीचा आसरा घेतला. १८७१ च्या जुलैत मुलगी झाली आणि मल्हाररावांची गादी पक्की झाली. पुढच्याच वर्षी खंडेरावांचे कारभारी भाऊ शिंदे तुरुंगात मेले. विष दिल्याचा बोभाटा झाला. याच काळात सोन्याच्या तोफा ओतल्या जात होत्या. खंडेरावांच्या चांदीच्या तोफांवर ताण म्हणून मल्हाररावांनी करवल्या. हे सगळं घरातल्या घरात चाललेलं. गुन्हेगार घराणं म्हणून आणखी काय पाहिजे?

मग ९ नोव्हेंबर १८७४ ची सकाळ. रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर फिरून आले, नेहमीप्रमाणे टेबलावर पपनसाच्या रसाचा पेला होता. दोन-तीन घोट घेतले, पोटात ढवळू लागलं, उरलेला रस त्यांनी फेकून दिला आणि पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. मुंबईला रासायनिक तपासणी झाली; सोमल, म्हणजे आर्सेनिक, निघाला आणि हिऱ्याची पूड निघाली. मुंबईचे पोलीस कमिशनर सर फ्रँक सूटर तपासाला आले. रेसिडेन्सीतल्या रावजी हवालदाराच्या पट्ट्यात विषाची पुडी सापडली, ती मुंबईच्या गुप्त पोलिसांतल्या अकबर अलींना. बचाव पक्षाने म्हटलं, पुडी पोलिसांनीच ठेवली. रावजी माफीचा साक्षीदार झाला. नरसू जमादाराने विहिरीत उडी घेतली, वाचला. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत पहाऱ्यात राहून राहून शेवटी माफी घेऊन बोलले. १८७५ च्या फेब्रुवारीत महाराजांवरच्या आरोपाच्या चौकशीचं कमिशन बसलं. सर रिचर्ड काऊच अध्यक्ष. तीन इंग्रज, तीन हिंदुस्थानी. हिंदुस्थानींत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बचावासाठी विलायतेहून आलेल्या सार्जंट बॅलंटाइन या बॅरिस्टरने उलटतपासणीत साक्षीदारांची सालं काढली. तिन्ही इंग्रजांनी दोषी म्हटलं, तिन्ही हिंदुस्थानींना आरोप सिद्ध झालेला वाटला नाही. सरकारने मल्हाररावांना काढलं, पण विषाचं कारण न देता गैरकारभाराचं देऊन. त्याच वर्षी जमनाबाईंनी कवळाण्याचा गोपाळ दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला.

म्हणजे पेल्यात विष कुणी घातलं, कुणाच्या सांगण्यावरून, की आणखी काही शिजलं होतं, याचा निकाल आजही लागलेला नाही. असं रहस्य ज्या गावाच्या पदरात आहे, त्या गावचा लेखक पारध्याच्या पालात गुन्हेगार शोधायला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच खटल्यात एक बाई आहे. अमीना, रेसिडेन्सीतली आया. रात्री हवेलीत जाऊन महाराजांना भेटल्याचं, साहेबाच्या घरातल्या गोष्टी तिकडे पोचवल्याचं तिने साक्षीत सांगितलं. दोन्ही घरांच्या आतल्या खोल्यांत पाऊल असलेली माणसं त्या काळच्या बडोद्यात किती असतील? साहेबाच्या घरात वावरणाऱ्या या बाईला साहेबाचा राग कशाने चढतो हे ठाऊक, आणि महाराजांना काय ऐकायचंय हेही ठाऊक. कमिशनपुढे तिचा उपयोग साक्षीदार म्हणून झाला. प्रश्न सूटरने विचारले, बॅलंटाइनने विचारले. तिने उत्तरं दिली. तिला काय प्रश्न पडले होते, हे कुणी विचारलं नाही.

स्त्री गुप्तहेराची गोष्ट इथून सुरू व्हावी असं मला वाटतं. अमेरिकेत पिंकर्टनच्या खासगी हेर संस्थेने केट वॉर्नला १८५६ मध्ये नोकरीवर घेतलं. लिंकनच्या जिवावरचा कट उघडकीला आणण्यात १८६१ मध्ये तिचा हात होता. आपल्याकडे त्रावणकोर संस्थानात स्त्री पोलीस आल्या त्या १९३३ मध्ये. पण बाईशिवाय आत शिरता येत नाही, हे राज्यकर्त्यांना फार आधी कळलं होतं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अज्ञान वारसांच्या आणि बायकांच्या जमीनदाऱ्या सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, नेमलं ते पडद्यातल्या जमीनदारणींचं म्हणणं ऐकायला पुरुष अधिकारी जाऊ शकत नव्हते म्हणून. विष, दत्तक, खोटी मृत्युपत्रं यांतून मार्ग काढत त्या जनानखान्यांतून हिंडल्या. त्या बॅरिस्टरीच्या तोडीचं शिकलेल्या होत्या, त्यांचं म्हणणं कागदावर आलं. आया, सुईण, दासी, कासारीण यांचं आलं नाही. त्यांना माहिती विचारली जाई, पैसे दिले जात, धमकावलं जाई, आणि काम झालं की विसरलं जाई. अशा बाईच्या हाती तपास द्यायचा, तिने धागे जुळवायचे, तिने ठरवायचं की कुणाचं नाव घ्यायचं आणि कुणाला वाचवायचं, हे इतिहासात घडलं नाही ते गोष्टीत घडवता येतं. कधी न झालेली यंत्रं रचण्याची मुभा असलेल्या कथाप्रकाराला एवढं नक्कीच जमावं.

मंडळातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला विचारलं, ‘मग लेखकाने काय फक्त राजवाड्यावरच लिहायचं? त्या जमातींत चोऱ्या करणारे नव्हते असं म्हणायचंय का?’ प्रश्न रास्त आहे. होते. उपाशी माणूस चोरी करतो, आणि हजेरीच्या सक्तीमुळे ज्याला शेतावर मजुरीलाही जाता येत नाही तो जास्तच उपाशी असतो. अशा माणसाची गोष्ट कुणी लिहिली तर मी आनंदाने वाचीन, त्याने वाईट कृत्य केलं असलं तरी. माझा विरोध आहे तो जन्मालाच गुन्ह्याचं कारण मानण्याला. आमच्या लेखिकेच्या कादंबरीत दरबारी चोराला लोभ आहे, मत्सर आहे, भूतकाळ आहे. कंजारभाट चोराला फक्त जात आहे. रहस्यकथा म्हणूनही हे लंगडं पडतं, कारण हेतूचा शोध हाच तपासाचा प्राण, आणि ‘त्यांचं रक्तच तसं’ म्हटलं की शोधायला काही उरत नाही.

हे आपल्याला खटकत का नाही, याचं कारण आपण बडोद्याच्या मराठी माणसांनी स्वतःशी मान्य करावं. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात आपण आलो ते गायकवाडांच्या राज्याबरोबर. सरदार, कारकून, वकील, पुजारी, शिक्षक, सगळे राज्याच्या मांडवातले. सयाजीरावांचा अभिमान आपल्या घराघरात आहे आणि तो सार्थ आहे. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणणारा राजा, १८९० मध्ये कलाभवन काढणारा राजा, असा अभिमान कुणाला नसेल? पण या अभिमानापायी सयाजीरावांच्या आधीची पाच-सात वर्षं आपण झाकून ठेवतो. आपल्या गोष्टीतलं बडोदं उजळ हवं असतं, तेव्हा काळोख दुसऱ्या कुणाच्या तरी वस्तीत नेऊन टाकावा लागतो. जमनाबाईंचं ताट आधी कोण चाखत होतं हे विचारायला आपल्याला अवघड जातं. पालातल्या बाईच्या कमरेला सुरी आहे हे लिहिताना हात अडखळत नाही.

हा निव्वळ साहित्याचा वाद नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती कायद्याने विमुक्त झाल्या, पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे राज्याराज्यांत आले आणि पोलिसांच्या नजरेत यादी तीच राहिली. १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात याच शिक्क्याच्या सबर जमातीतला बुधन सबर नावाचा तरुण पोलीस कोठडीत मेला. त्याच वर्षी बंगाली लेखिका महाश्वेता देवी बडोद्याला व्याख्यानाला आल्या आणि इथेच गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांच्याबरोबर विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी लढणारा गट उभा राहिला. गणेश देवी आमच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे. लक्ष्मण गायकवाड स्वतः अशाच शिक्का बसलेल्या जमातीतून आलेले. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीला छारानगरातल्या मुलांनी बुधनच्या मृत्यूवर नाटक केलं आणि त्यातून बुधन थिएटर निघालं. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे अगदी परवा, सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर बेतलेली कामाची वाटणी रद्द करावी लागली. विमुक्त जमातींकडे गुन्हेगार म्हणून पाहणाऱ्या तरतुदींवरही त्या निकालात कठोर शब्द आहेत. कुठे चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या वस्तीवर पडते, हे महाराष्ट्रात वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. ती धाड घालणारा हवालदार जन्माला घालण्यात गोष्टींचाही वाटा असतो.

लेखिकेशी माझं यावर पुष्कळ बोलणं झालं. तिने सुरुवातीला हरकत घेतली, मग शांतपणे ऐकलं. मी तिला घराणी काढून टाक म्हटलं नाही. तिन्ही ठेव, पण एक रेसिडेन्सीच्या ठेक्यांवर पोसलेलं कर, एक सावकारपेठेतलं, एक थेट वाड्यातलं. कमिशनपुढच्या साक्षी छापलेल्या आहेत, त्या वाच. अमीनाची उत्तरं तर सावकाश वाच. आणि कंजारभाट माणूस कादंबरीत हवाच असेल, तर अशी एखादी मुलगी आण जिचं नाव हजेरीच्या वहीत आहे आणि जिला पक्कं माहीत आहे की त्या रात्री वाड्यात कोण शिरलं, पण तिची साक्ष घ्यायला कुणी तयार नाही. कासारणीने बांगड्या भरायला तिचा हात हातात घ्यावा आणि तिचं ऐकावं. त्यापुढचं प्रकरण ती आता नव्याने लिहिते आहे, आणि छारानगरातल्या नाटकवाल्यांना ते वाचून दाखवायचं तिने ठरवलं आहे.